दारातून मावेल एवढा

हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना. नागपंचमीच्या सुमारास गिऱ्हाइकं घरचा पाट आणून देतात, त्याच पाटावर त्यांचा गणपती घडतो. शेजारच्या काकींचा फणसाच्या लाकडाचा पाट मी लहानपणापासून बघत आलो. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला. गणितात पक्का, आणि परीक्षेत मला उत्तर दाखवताना कधी कुरकुर न करणारा.

तो मुंबईला गेला, शेअरबाजारात शिरला आणि बघता बघता कंपन्याच विकत घ्यायला लागला. रोह्याजवळच्या धाटावची एक कंपनीही घेतली. माझा मेहुणा तिथंच शिफ्टला जायचा. पेणपासून रोह्यापर्यंत याचे हसरे फ्लेक्स. गणपतीला तो गावी यायचाच, पण घरचा छोटा गणपती त्याला शोभेना. त्यानं पुरुषभर उंचीची मूर्ती सांगितली. ती काकींच्या दारातून आत जाईना, म्हणून अंगणात मांडव घातला. पुढं दरवर्षी तेच. वडील पुटपुटायचे, "देवाला अंगणात राखणीला बसवलान." पण मूर्ती करायचे, आणि मी ती रंगवायचो. एवढं मोठं काम कोण सोडतं?

मग एका संध्याकाळी तो टीव्हीवर दिसला. तोंडावर रुमाल, दोन्ही बाजूंना पोलीस. कंपन्यांचा पैसा त्यानं गुपचूप बाजारात लावून बुडवला होता. धाटावला टाळं लागलं, मेहुणा घरी बसला. ज्यांनी फ्लेक्स लावले त्यांनीच ते फाडून गोठ्यांवर घातले. मीही चारचौघांत त्याला यथेच्छ शिव्या दिल्या, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. हुशार होता हो. त्या हुशारीचं असं मातेरं व्हायला नको होतं.

त्या नागपंचमीला काकी स्वतः पाट घेऊन आल्या. "लहानच कर रे," म्हणाल्या. "दारातून आत येल येवढा."

चतुर्थीला त्याचा जामीन झाला नव्हता आणि काकींच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. मीच मूर्ती डोक्यावर घेतली. मेहुणा टाळ घेऊन मागून आला. वाटेत कोणी मोरया म्हटलं नाही.

उंबऱ्यापाशी काकींनी माझ्या पायांवर पाणी घातलं. मूर्ती सहज आत गेली. मखरात ठेवली, तशी काकींनी समई लावली.

"इतकी वर्सं पोरगा घरात नि देव भायेर," त्या म्हणाल्या. "आता देव आत आला, तं पोरगा नाय."

आरतीला आम्ही तिघंच होतो.