अंगठा आधी की बोट?

समजावून सांगायची मला खोड आहे. ऑफिसात ती खपते, किंबहुना तिच्यासाठीच मला ठेवलंय. घरात तिने काय केलं ते सांगतो.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आल्या होत्या. इथे त्यांना काही म्हणजे काही जमत नसे. काचेची शेगडी पेटलीय की विझलीय ते कळेना, गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंत जाता येईना. एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती, सकाळी पोर्चवर रांगोळी. ठिपके नाहीत, मोजमाप नाही. फोन स्पीकरवर, पलीकडे बहीण, दोघी मिळून जावेची उणीदुणी काढताहेत आणि इकडे चिमटीतून वेल उतरत चाललीय. मी कॉफी घेऊन दारात उभा राहायचो.

त्या सुमारास माझ्या डोक्यात ताओचं चिनी तत्त्वज्ञान शिरलं होतं. न करता करणं. हात इतका मुरणं की करणारा मधे उरतच नाही. इथल्या मराठी मंडळातली दहा-बारा माणसं जमवून आमच्या बेसमेंटमध्ये मी त्यावर बोलणार होतो. उदाहरण तर दारातच होतं.

"मला नाही हो लोकांत जमणार," त्या म्हणाल्या.

"बोलायचं नाही आई, फक्त काढायची."

मुलीला त्यांनी उडवून लावलं असतं. जावयाचा शब्द कसा मोडणार? ठेवणीतली साडी नेसून त्या खाली आल्या.

जमिनीवर काळा पुठ्ठा, वर फोनचा कॅमेरा, आणि त्यांचा हात टीव्हीवर हा एवढा मोठा. पहिली वेल सुरेख उतरली. तिथेच मी गप्प बसावं की नाही? पण छे. मी विचारलं, "आई, अंगठा आधी हलतो की बोट?"

त्या थांबल्या. स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. पन्नास वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मग रेघ जाड पडली. पुसली, पुन्हा काढली, ती तुटली. तुटकी रेघ टीव्हीवर सगळ्यांना दिसत होती.

"अहो, विचार करू नका!" मी हसून म्हणालो.

"चिल करा काकू, नो टेन्शन!" कुणीतरी ओरडलं. दोघंतिघं हसले.

"आज जमत नाहीये. माफ करा हं," त्या हात जोडून पाहुण्यांना म्हणाल्या. बायको त्यांना वर घेऊन गेली. आणि मी पुढची वीस मिनिटं 'न करता करणं' समजावून सांगितलं. अजून आठवलं की कान तापतात.

दुसऱ्या दिवशी पोर्च कोरा. "गारठा आहे," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही कोराच. मी माफी मागितली, तर म्हणतात, "अहो, तुमचं काय चुकलं? मलाच धड येत नाही." बायकोचा अबोला मी आठवडाभर सोसला. हे वाक्य मात्र सोसवलं नाही.

दिवाळीत त्यांनी इंडियन स्टोअरमधून रांगोळीचा छापा आणायला सांगितला. मीच आणून दिला. लक्ष्मीपूजनाला पोर्चवर कमळ उमटलं, आठही पाकळ्या एकसारख्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आलंय ना हो?"

उभ्या जन्मात रांगोळीबद्दल त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. समजावून सांगायला तोंडच उरलं नव्हतं.