अण्णांचा ठेका आणि ट्रंकेतले देव

नादात ज्याची वस्ती, त्या भगवंताला अलीकडे तंजावरहून चेन्नईला फोनातून यावे लागते. आणि तो येतो! वेस्ट मांबलममधल्या हेमावतीबाईंच्या घरी तर तो रोज दिवेलागणीला येई.

हेमावतीबाई तंजावरच्या कीर्तनकाराची लेक. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे थोरले बंधू तुळजाजी वडिलांच्या मागे मृदंग घेऊन बसत. पुढे अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा डावा हात गेला, उजवा उरला. रोज सायंकाळी तंजावरला त्यांची सून श्रीदेवी फोन समोर उभा करी. इकडून बहीण वडिलांचे पद गाई, तिकडून भाऊ खाटेच्या फळीवर ठेका धरी. ठेका पोचायला किंचित उशीर लागे, म्हणून बाई प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर तेवढाच लांबवत. कुणी शिकवले नव्हते. प्रेमानेच मोजले, प्रेमानेच जुळवले.

पण यंदा नवरात्राच्या सुमारास बाईंचा फोन मंदावला. चित्र थिजे, ठेका अडखळत येई, त्या गोंधळून थांबत. विजयादशमीच्या सायंकाळी तुळजाजींनी हात मांडीवर ठेवला.

"पुरे गे हेमा. तू थांबतेस, म्हणजे ठेका मागे पडतोय. हाही हात चालला."

"अण्णा, दोष फोनाचा आहे!"

"लहानपणापासून तू माझ्या चुका पोटात घालतेस. उद्यापासून नको." आणि पडदा काळा झाला.

त्या माणसाजवळ एवढा एकच हात उरला होता. त्यावरचा विश्वास उडाला, तर जगण्याचा ताल कोण धरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मुलाला, गिरीधरला, विचारले, "फोन म्हातारा होतो का रे?"

शोळिंगनल्लूरच्या कचेरीत संगणकाची नोकरी करणारा गिरीधर उत्साहाने म्हणाला, "अम्मा, आता आयफोन घे. वर्षानुवर्षे बघावे लागत नाही."

"नका हो अम्मा," सून कीर्तना स्वयंपाकघरातून म्हणाली. "यांच्या फोनात मागे जायचे कसे, ते शोधण्यात माझी सकाळ गेली होती. अँड्रॉइडच बरा. हाताला सवयीचा, दुरुस्तीला स्वस्त."

"हिचा फोन दर महिन्याला रुसतो, अम्मा!"

"आणि यांच्या फोनाचा तोरा यांच्याहून मोठा!"

"पोदुम, पोदुम, पुरे आता," बाई हसल्या. "संप्रदायाचे भांडण मागाहून करा. आधी रोग पाहा."

गिरीधरने फोन उघडला आणि कपाळाला हात लावला. "अम्मा, आत मुंगी शिरायला जागा नाही! पिल्लैयार, मुरुगन, बालाजी, विठोबा... सगळे तेहतीस कोटी इथेच राहतात का?"

नातलगांनी सकाळच्या नमस्कारासोबत पाठवलेली देवांची चित्रे होती ती. आलेल्या देवाला बाई हात जोडत आणि ठेवून घेत. एकही कधी पुसले नव्हते.

"जागा संपली की फोनाला हालचाल करता येत नाही," गिरीधर म्हणाला. "नवी अ‍ॅप्स जुन्या फोनाला जड जातात. बॅटरीही थकली आहे, म्हणून तो स्वतःच चाल मंद ठेवतो. बॅटरी आज बदलून आणतो. पण ही चित्रे पुसून टाक."

"देवाला अंगठ्याने पुसू?"

"मग नवा फोन घे. सगळे देव त्यात जातील."

"आणि पुन्हा येतील तेही. मग तोही एक दिवस थकेल ना?"

गिरीधर बॅटरी आणायला निघाला.

दुपारी सासूसुना कोलूच्या पायऱ्या उतरवायला बसल्या. नवरात्रभर पायऱ्यांवर मांडलेल्या देवादिकांच्या बाहुल्या. रिवाजाप्रमाणे दशमीच्या सायंकाळी त्यांतली एक आडवी निजवून बाईंनी अंगाई म्हटली होती. आता एकेक मूर्ती जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत जात होती. कृष्णाला गुंडाळता गुंडाळता बाईंचा हात थांबला.

"कीर्तना, याला ट्रंकेत ठेवतो, म्हणजे घराबाहेर काढतो का गे?"

"छे! झोपवतो. पुढच्या वर्षी उठवतो."

"मग फोनातल्या देवांनी काय पाप केले? त्यांना आम्ही निजूच दिले नाही!"

धन्य ती माउली! शास्त्र मोडले नाही, भक्ती सांडली नाही. रोजच्या रिवाजातूनच तिला वाट सापडली.

गिरीधर नवी बॅटरी घालून आला. त्याने सारी चित्रे एका छोट्या डिस्कवर उतरवली. बाईंनी फोनाला कुंकू लावले, आरती ओवाळली, अंगाई म्हटली आणि आपल्याच अंगठ्याने फोन रिकामा केला. ती डिस्क रेशमी चिंधीत गुंडाळून कृष्णाशेजारी निजवली.

"अम्मा, एवढ्या सोहळ्याने कुणी फोन साफ करत नाही," गिरीधर म्हणाला.

"म्हणूनच तुमचे फोन रुसतात," कीर्तना म्हणाली.

दिवे लागले. बाईंनी तंजावरला फोन लावला. तुळजाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अण्णा, ठेका नको. नुसते ऐका."

पद सुरू झाले. वडिलांचे पद, वडिलांची चाल. एक कडवे गेले, भिंतीकडचे तोंड वळले नाही. दुसऱ्या कडव्याला पांघरुणातून बोटे निघाली. फळीवर एक थाप पडली, मग दुसरी. मालकाला न विचारता तो हात आपल्या घरी परतत होता. थाप नेमकी तिथेच येत होती, जिथे बाई स्वर लांबवून तिची वाट पाहत होत्या. श्रीदेवीने तोंडाला पदर लावला.

बाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. ओळ घसरली, सम निसटली.

पडद्यावर तुळजाजी उठून बसू पाहत होते, डोळे चमकत होते. "हेमा! कशी गे चुकलीस? आपले वडील असते तर कान पिळला असता!"

"चुकले, अण्णा, चुकले," बाई रडत रडत हसल्या. "तुम्ही सांभाळून घ्या."

"घेतो. पुन्हा पहिल्यापासून म्हण," तुळजाजी म्हणाले, आणि त्यांनी हात फळीवर उचलून धरला.