बुडख्यावरची फुली

कोणतंही लाकूड समोर आलं की चाचा आधी त्याच्या मधोमध दोरीचा फास घालायचे आणि ते जमिनीपासून वीतभर उचलायचे. जड असलं तर दोघांकडून उचलून घ्यायचे. मग थांबायचे. थोड्या वेळाने एक टोक हळूच खाली झुकायचं. "ह्यो बुडखा," म्हणायचे आणि त्या टोकावर पटाशीने फुली मारायचे. झाडाची मुळाकडची जड बाजू खांबातही खालीच राहिली पाहिजे, हा त्यांचा नियम. "उलटं उभं केलं तर लाकडाला तकलीफ व्हते, बेटा. तुला कुणी उलटं टांगलं तर?"

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. आमच्या हट्टा गावाच्या आसपास कुणाला जुनं घर पाडायचं असलं की चाचांना बोलावणं जायचं. ते मूळचे सुतार. पण त्यांनी शेवटचं माळवद, म्हणजे तुळयांवरचं मातीचं छत, घातलं तेव्हा त्यांची दाढी काळी होती. पुढे सगळीकडे स्लॅब आले आणि त्यांच्या वाट्याला फक्त पाडकाम उरलं. कुणी विचारलं, "काय चाललंय चाचा?" की घाम पुसत म्हणायचे, "उतरवून राहिलो." सकाळी विचारा नाहीतर संध्याकाळी, उत्तर तेच.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे एखादी गोष्ट नक्की माहीत असली तरी मी ती विचारल्यासारखीच बोलते. प्रकल्पासाठी मी बांधकामातल्या लाकडाचा विषय घेतला होता. चाचांना भीत भीत सांगितलं, की झाड हवेतला कार्बन घेऊन त्यातून आपलं अंग बनवतं आणि तुळई छताला आहे तोवर तो तिच्यातच साठून राहतो. सिमेंट आणि लोखंड बनवताना मात्र पुष्कळ कार्बन हवेत जातो.

"म्हंजे आमी एवढी वर्सं हवा कोंडून राहिलो व्हय?"

"हो, तसंच काहीसं."

"तरीच! माळवदात वारा म्हणून यायचा न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. "अन् जाळलं तर?"

"तर सगळं परत हवेत."

ते बराच वेळ अंगठ्याने पटाशीची धार बघत बसले. आमच्याकडे हळद निघाली की ती शिजवायला मोठमोठ्या कुकरखाली जाळ लागतो. चाचांनी उतरवलेलं बहुतेक लाकूड त्याच जाळात जायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात आम्हाला घरकुल मंजूर झालं. बाबांनी आमचं माळवद उतरवायलाही चाचांनाच बोलावलं. दर खांबाला ते दोरी लावून फुली मारत होते.

"चाचा, आता फुली कशाला?"

"जोडणाऱ्याला कळायला नको?"

"पण जोडणार कोण?"

त्यांनी बाबा जवळ नाहीत हे पाहिलं. "मी. तुझ्या बापाला सांग. नव्या घराम्होरं एक ओसरी करा. वर पत्रे टाका, पण खांब अन् तुळया ह्याच. मजुरी नको मला. माझे हात लाकूड जोडायचं इसरले का काय, तेवढं एक डाव बघू दे."

मी हो म्हटलं. बाबांना सांगितलंही, जेवताना, अर्ध्या आवाजात.

"लोकं स्लॅबवर टाकी ठेवून राहिले अन् तू मला परत लाकडात नेऊन राहिली? ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?"

बाबांचा राग खोटा नव्हता. दर पावसाळ्याआधी माळवदावर माती वाहून त्यांचे खांदे गेले होते. माझ्या वहीत कार्बनचे सगळे आकडे होते. मी वही उघडली नाही, आणखी अर्धी भाकरी वाढून घेतली. दोन दिवसांनी होस्टेलला निघून गेले.

हळदीच्या दिवसांत घरी आले, तर अंगणातला लाकडांचा ढीग नव्हता. आई म्हणाली, "शेजारच्यांनी नेला, हळद शिजवायला. त्याच्या आधी चाचा हत्यारं घेऊन दोन दिस आले व्हते. ढिगापाशी बसून राहायचे. मला म्हणले, पोरगी काही बोलली का? मी म्हणलं, तिची परीक्षा हाय."

मी तशीच शेजाऱ्यांच्या शेतात गेले. एकच खांब उरला होता, जाड होता म्हणून. दोन्ही टोकांनी जाळात सरकवून पाहिला होता आणि मग बाजूला ओढून टाकला होता. एक टोक थोडं जळालं होतं, एक जास्त. तो मी घरी आणवला.

चाचांकडे जायचं होतं. जाऊन काय सांगणार, याचा विचार करण्यात खरोखरची परीक्षा आली, मग पाऊस आला. पावसातच चाचा गेल्याचं कळलं.

प्रकल्पाला चांगले गुण मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा आपणहून म्हणाले, "त्यो खांब दारात उभा करू. नव्या घराम्होरच्या पत्र्याला टेकू व्हईल." आम्ही दोघांनी जळकी टोकं तासून काढली. फुली कुठेच नव्हती. मग मी मधोमध दोरीचा फास घातला. बाबांनी दोरीला हात लावला. खांब वीतभर उचलून आम्ही थांबलो. एक टोक हळूच खाली झुकलं.

"ह्यो बुडखा," बाबा म्हणाले.

तेच टोक खाली घेऊन आम्ही खांब उभा केला. पण बुडख्याचीच बाजू जास्त जळून हलकी झाली असेल, तर? हे सांगू शकणारा आमच्या भागात एकच माणूस होता.

येता-जाता मी त्या खांबावर तळवा ठेवते, विचारल्यासारखा.