बोडस काका आधी गायले ती जागा

बोडस काका चुकले होते. भरलेल्या हॉलमध्ये, मोठ्या आवाजात.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळ्यांच्या पोस्ट वाचतोय. "परफेक्शनिस्ट माणूस." "काकांचं कधी काही चुकलं नाही."

खोटं आहे. आणि हे लिहिणारे निम्मे लोक त्या संध्याकाळी हॉलमध्ये होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काका निवृत्त इंजिनिअर, देश सोडून इथे शॉमबर्गमध्ये तीस वर्षं. रिटायर झाल्यावर इथल्या कम्युनिटी कोरसमध्ये गेले. नव्वद गाणारे. त्यात आपला मराठी माणूस एकच, मागच्या रांगेत, खर्जात गाणाऱ्यांमध्ये.

त्या वर्षी कोरसने ती मोठी पाश्चात्त्य रचना घेतली होती. सगळे नव्वद आवाज आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा. गाड्यांच्या जाहिरातीत वाजते, सगळ्यांनी ऐकलेली असते, नाव कोणालाच सांगता येत नाही.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लागलो होतो. आपल्या पॉटलक जेवणांमध्ये लोक मला "मग आता पुढे काय?" एवढंच विचारायचे.

काकांनी विचारलं, "तुझ्याकडे स्टॉपवॉच आहे का?"

त्यांच्याकडे त्या एकाच रचनेची सात रेकॉर्डिंग होती. दर शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही ती एकापाठोपाठ एक लावायचो.

शेवटाच्या जरा आधी एक जागा आहे. सगळे एकदम थांबतात. गाणारे, वाजवणारे, सगळे. मग पूर्ण कोरस एकाच क्षणी अंगावर येतो.

ती शांतता कुठला कंडक्टर किती लांब ठेवतो, यावरून काका माणूस ओळखायचे.

"हा बघ, थांबलाच नाही. याचं पार्किंग मीटर संपत आलंय."

"आणि हा, काका? हा तीन सेकंद थांबला."

"तो थांबला नाही रे. तो आरशात बघतोय."

त्यांचं आवडतं रेकॉर्डिंग म्हणजे सातातलं सगळ्यात जुनं, खरखरणारं. त्यात शांतता सव्वा सेकंद. मी दहा वेळा मोजली.

"श्वास घ्यायला पुरेल इतकीच. त्याच्या पुढे नाटक."

रिहर्सलमध्ये डायरेक्टरबाई साधारण तेवढंच थांबायच्या. प्रोग्रामच्या दिवशी भरलेला हॉल बघून त्यांनी ती शांतता लांबवली. बाकीच्यांचं त्यांच्या हाताकडे लक्ष होतं.

काकांचे डोळे मिटलेले होते.

सगळा हॉल गप्प. आणि त्यात एकटे बोडस काका.

एक शब्द. तोही अर्धा.

नंतर बाई हसून म्हणाल्या, "इट हॅपन्स." कोरसवाले विसरूनही गेले.

आपले लोक नाही विसरले.

गणपतीत: "काका, आरती अजून सुरू व्हायचीय हं, घाई नको." प्रसादाच्या रांगेत: "बोडसांना आधी वाढा, ते आधीच सुरू करतात." काका हसायचे. दिवाळीला आलेच नाहीत. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "वय झालं आता."

वय नव्हतं झालं, यार. कोण काय बोललं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. नावं लिहीत नाही, कारण काकूंना ते आवडणार नाही.

प्रोग्राम मी रेकॉर्ड केला होता, माझ्या मिनीडिस्क रेकॉर्डरवर. कोरसमधल्यांना सीडी द्यायच्या होत्या. गणपतीनंतरच्या शनिवारी काका माझ्याकडे आले आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले.

"तेवढं काढून टाक."

"काका, जुन्या रेकॉर्डिंगप्रमाणे तुम्ही अगदी वेळेवर आहात. मी मोजलंय."

"काढ."

"निदान ओरिजिनल ठेवतो. फक्त माझ्याकडे."

"तेही पुस. माझ्यासमोर."

मी काम नीट करतो. हॉलची रिकामी शांतता दुसऱ्या ठिकाणाहून कापली आणि काकांच्या आवाजावर चिकटवली. जोड कुठे आहे ते मलासुद्धा ऐकू येत नाही. मग डिस्क पुसली. रिसायकल बिन रिकामा केला. दोनदा तपासलं.

काकांचा राग येतो. तुमचा येतो. पण त्या दोनदा तपासण्याचा जेवढा येतो तेवढा कशाचाच नाही.

गेल्या रविवारी काकूंनी बोलावलं.

"यांचा आवाज आहे का रे तुझ्याकडे?"

घरच्या व्हिडिओंमध्ये काका नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. मागून बोलायचेही नाहीत, म्हणायचे ऑडिओ खराब होतो.

मी म्हणालो, "सीडी आहे ना काकू, पूर्ण प्रोग्रामची."

"त्यात नव्वद जण आहेत. मला ते हवंय, जिथे हे एकटे आहेत."

काकू पुढे बोलत राहिल्या.

"सगळे हसले त्या दिवशी. मी नाही हसले. दीड तास शोधत होते, एवढ्या आवाजांत आमचा कुठला. तेवढा एकदाच कळला."

मग मी सांगून टाकलं. सगळं.

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्या उठल्या आणि सीडी लावली. शेवटाजवळ सगळे थांबले. मी चिकटवलेली शांतता सुरू झाली. एकदम स्वच्छ.

काकूंनी टेबलावर बोट टेकवलं.

"इथे."

स्टॉपवॉचची गरज नव्हती. सव्वा सेकंद.

तेव्हा आज मला "कधी चुकले नाहीत" वाचायचं नाहीये. ते डिलीट करा आणि एक काम करा. त्या संध्याकाळी तुमच्यापैकी निदान चौघांचे व्हिडिओ कॅमेरे चालू होते. मी मागेच उभा होतो, लाल दिवे बघितलेत. कपाटं उघडा, टेप शोधा, मला फोन करा. चित्र हललेलं असू दे, काकांच्या ऐवजी समोरच्याचं डोकं दिसत असू दे.

काकांच्या त्या अर्ध्या शब्दावर तुमचं हसणं आलेलं असेल. असू दे. ते मी काढणार नाही.

यावेळी काहीच काढणार नाही.

काका, तुम्ही वेळेवर होता. नमस्कार करतो.