घाटात उकळलेली गाडी

उस्ता रिझ्कबद्दल खलाफला खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. बावीस वर्षं त्याने या एकाच मिस्त्रीकडून गाडी दुरुस्त करून घेतली. पण त्याला मुलं किती, तो मूळचा या वाळवंटातल्या खारग्याचा की नदीकाठचा, डाव्या पायाने का लंगडतो, हे कधी विचारलं नाही. उस्ताही आपणहून सांगणाऱ्यांतला नव्हता. गाडी आली की तो आधी रेडिएटरवर तळवा ठेवी, वैद्य नाडी बघतो तसा, आणि तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

खलाफची गाडी म्हणजे सात माणसांची जुनी फ्रेंच टॅक्सी. खारगा ते नदीकाठचं अस्यूत असा तिचा रोजचा रस्ता. आधी घाट, मग नुसतं वाळवंट. त्या उन्हाळ्यात ती घाटात उकळली, तेव्हा आत प्रवासी नव्हते. मागच्या सीटवर खलाफची बायको बहिया आडवी होती, तिला अस्यूतच्या इस्पितळात न्यायचं होतं. तापमानाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला, वाफ आली. गाडी निवायला एक तास वीस मिनिटं लागली. तेवढ्यात रस्त्याने दुसरं वाहन आलं नाही. अस्यूतचा डॉक्टर म्हणाला, तासभर आधी आणली असती तर काही करता आलं असतं.

माती झाली. तीन दिवस लोक येऊन बसून गेले. खलाफ रडला नाही. चाळिसावा दिवस उलटल्यावर तो गाडी घेऊन उस्ताच्या दुकानी गेला.

"दुरुस्तीचं नंतर बघू," तो म्हणाला. "त्या दिवशी काय झालं होतं, तेवढं सांगा. मला ते कळायला हवं."

उस्ताने मान हलवली आणि बॉनेट उघडलं.

शेजारी बाकावर तन्तावी बसला होता, तोही अस्यूतच्याच रस्त्यावरचा ड्रायव्हर. "इंजिनाचं हेड गेलं असणार, दुसरं काय!" तो म्हणाला. "गाडी कुठली, किटली आहे ती. चहापत्ती टाक आणि वाटत बस सगळ्यांना!" मग कुठल्या दिवसाबद्दल चाललंय हे त्याच्या ध्यानात आलं. "खलाफ, बाबा, मला तसं नव्हतं रे म्हणायचं."

"माहीत आहे," खलाफ म्हणाला. त्याला खरोखरच काही लागलं नव्हतं. चाळीस दिवस त्याला काहीच लागत नव्हतं. भाकरी चावायची म्हणून चावायची, ऊन आहे हे घाम आल्यावर कळायचं.

उस्ताने तेलाची कांडी काढून पुसली. तेल स्वच्छ होतं, त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. इंजिन चालू करून तो रेडिएटरच्या तोंडात डोकावला, बुडबुडे नव्हते. "हेड शाबूत आहे." पट्टा दाबून पाहिला, पंप हलवून पाहिला. दोन्ही ठीक.

"मग विहिरीचं पाणी," तन्तावी म्हणाला. "आपलं पाणी नुसतं लोखंड. रेडिएटर बुजला असेल."

उस्ताने पाणी सोडलं. तांबडा गाळ आला खरा, पण धार मोकळी होती. "एवढ्याने घाट अडत नाही," तो म्हणाला. पुन्हा पाणी भरून त्याने इंजिन तापत ठेवलं. काटा लाल रेघेला टेकला तसा त्याने रेडिएटरवर तळवा ठेवला, आणि मग खलाफचा हात धरून तिथेच टेकवला.

"काय लागतंय?"

"कोमट."

"इंजिन उकळतंय आणि रेडिएटर कोमट. म्हणजे पाणी इथवर येतच नाही पुरतं." बाजूच्या बारीक नळीला त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग गाडी बंद केली. निवल्यावर त्याने नळी इंजिनाला मिळते तिथलं झाकण खोललं. आत रिकामं होतं.

"इथली झडप ना?" खलाफ म्हणाला. "ती तुम्हीच काढली होतीत. नऊ वर्षं झाली."

खारग्यात आलेल्या प्रत्येक गाडीची ती पितळी झडप काढली जाई. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं, एवढंच तिचं काम असं सगळे समजत. बर्फाच्या मुलखातल्या लोकांची चैन ती, आपल्याला इथे गरम व्हायला झडप लागते होय, असं म्हणून उस्ता ती खोक्यात टाकायचा आणि बसलेले हसायचे. खलाफही हसला होता.

"बऱ्याच गाड्यांना चालतं," उस्ता म्हणाला. "पण हिच्यात ती झडप उघडताना ही बारीक वाट बंद करते. झडप नसली की तापलेलं पाणी या वाटेने तसंच इंजिनात परत. रेडिएटर साफ होता तोवर निभलं. यंदा जरा गाळ धरला, त्यात घाट, त्यात दुपार." तो थांबला. "मी केलं हे, खलाफ."

खलाफ राग येण्याची वाट पाहत उभा राहिला. राग आला नाही. तन्तावी आपल्या चपलांकडे बघत होता.

"शिवी तरी दे," उस्ता म्हणाला.

"सुचत नाही."

उस्ताने खोकं उपडं केलं. त्या मापाच्या झडपा एकेक करून दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडल्या. तिसरी उघडली. ती बसवून उस्ता आणि खलाफ भर दुपारी घाटात गेले. त्या दिवशी गाडी थांबली होती ते वळण आलं. काटा मध्यावर होता. वळण गेलं, काटा तिथेच. गाडी उकळली असती तर बरं झालं असतं, असं खलाफला क्षणभर वाटलं. घाटमाथ्यावर त्याने गाडी वळवली.

पुढे उस्ता तसल्या टॅक्स्या शोधत स्टँडवर फिरू लागला. पैसे न घेता झडपा परत बसवी आणि चारचौघांत सांगे, चूक माझी होती. म्हातारा बहकला, असं काही जण म्हणत. खलाफच्या कानावर ते आलं. त्याने गाडी विकली नाही आणि दुकानही बदललं नाही. आपण त्याला माफ केलं की नाही, हे त्याला स्वतःलाच ठरवता आलं नाही.

दीड वर्षाने, हिवाळ्यात, उस्ता झोपेतच गेला. सुवेझहून मुलगा आला, तेव्हा उस्ताला मुलगा होता हे खलाफला कळलं. उस्ता जाण्याच्या चारच दिवस आधी स्टँडवर त्याची आणि खलाफची गाठ पडली होती.

"अस्यूत का?" उस्ताने विचारलं होतं.

"हो."

"किती झाले?"

"पाच. दोघं यायचेत."

"वारा आहे आज. काचा वर घे."

"घेतो."