मोठ्या आवाजाचं मशीन

दौंडच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये दोन मशिनं आहेत, एक एमआरआयचं आणि एक सीटीचं. दोन्हींवर मी काम करतो. रिपोर्ट पेशंट घेऊन जातो, किस्सा मात्र न्यायला कुणी येत नाही, तो माझ्याकडेच पडून राहतो.

फुप्फुसाची बारीक जाळी बघायची तर सीटीवर एचआरसीटी, मणका आणि मेंदू बघायचा तर एमआरआय. हे ठरवतात डॉक्टर. आमच्याकडची माणसं मात्र मशीन आवाजावरून जोखतात, आणि धडधडतं ते एमआरआय, सीटी जवळजवळ मुकं. कासुर्डीचे एक आप्पा छातीच्या एचआरसीटीला आले आणि मिनिटभरात बाहेर पडले. भडकलेच. "त्या पाव्हण्याला अर्धा तास धडाधड वाजवलं, आन् मला नुसतं आत-बाहेर? म्या काय नंबर लावला न्हाई व्हय?"

सीटीत मी काचेमागून माइकवर सांगतो, श्वास घ्या, रोखा. वडगाव रासाईच्या एका मामांची हयात भीमेत पोहण्यात गेलेली. स्कॅन संपला, "सोडा" म्हणालो, तरी सोडेनात. घाबरून आत पळालो. मामांनी सावकाश श्वास सोडला आणि विचारलं, "बास? आजून लई हुता की."

एमआरआयमध्ये पेशंटच्या हातात रबरी फुगा देतो, भीती वाटली तर दाबायला. एका माजी सरपंचांनी तो सारखा दाबला. दर वेळी मशीन थांबवून मी आत. शेवटी म्हणाले, "मला काय झालं न्हाई. बाहेर माजी मानसं हायेत का गेली, तेवढं बगा."

वरवंडचे आबा आणि आजी एकाच सकाळी सुनेबरोबर आले. आबांचा जन्म गुऱ्हाळात चुलवाणापुढं जाळ घालण्यात गेला. आता चार पावलांत धाप लागायची, म्हणून त्यांची एचआरसीटी. आजींचे पाय बधिर पडत चाललेले. मणक्याचं ऑपरेशन करायचं का, ते एमआरआयवर ठरणार होतं.

आजी मंगळसूत्र काढेनात. "ह्यांच्या छातीत कायतरी हाय म्हनत्यात, आन् आजच गळा मोकळा करू?"

सून समजावून थकली. मशीनमध्ये जबर लोहचुंबक, गळ्यात काही ठेवून मी कुणालाच आत नेत नाही. पण आजींवर रागावताही येईना.

आबा उठले. आजींच्या गळ्यातलं मंगळसूत्र त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं, टोपी उतरवून आपल्या गळ्यात घातलं आणि टोपी परत चढवली. "हितं हाय. जा तू." आजी आत गेल्या.

तेवढ्यात सीटी रिकामं झालं. आजींचं मशीन सहकाऱ्याकडे सोपवून मी म्हणालो, "आबा, चला. ते मणी छातीच्या फोटोत येतील, तेवढे सूनबाईंकडे द्या."

आबा बाकावरून हलले नाहीत.

"ती येऊ द्या बाहेर," धापा टाकत म्हणाले. "आदी तिच्या गळ्यात घालतो. मग काडा माज्या छातीचा फोटू, काय निगायचं ते निगू द्या."