पाहणीच्या आदल्या दिवशी

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही नेहमी विचारता, शेजारच्या घरात आता कोण राहतं? कोणीच नाही. महापुरानंतर आपल्या गल्लीतली निम्मी घरं अशीच बंद आहेत. कोपऱ्यावरच्या घराला तर कर्ज थकलं म्हणून बँकेचं सील आहे.

शेजारच्या चाचींचे यजमान ट्रक चालवायचे. ते गेले, मुलगा कुवेतला स्थिरावला, आणि पुरानंतर चाची मुंब्र्याला लेकीकडे गेल्या. पुराने राहण्याजोगी न उरलेल्या घरांच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळणार, असं मी त्यांना फोनवर कळवलं. लगेच वीर स्टेशनला गाडीतून उतरून, रिक्षात वळकटी घालून त्या आल्या. कायमची जाते असं जावयाला सांगून आले, म्हणाल्या. तिथे त्यांना खोकायचीसुद्धा चोरी होती.

गवंड्याने घर पाहिलं. पाण्याने पाया पोखरलाय, दुरुस्तीशिवाय पावसाळ्यात आत झोपू नका, असं त्याने बजावलं. अर्ज मी भरला. पाहणी होईपर्यंत आतलं काही हलवू नका, हेही त्यांना नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी पोलादपूरला लग्नाला गेले. संध्याकाळी परतले तर त्यांच्या दारातून ओल्या चुन्याचा वास येत होता. गाळ उपसलेला, भेगा लिंपलेल्या, भिंती पांढऱ्याशुभ्र. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "रागावू नका, ताई. परका माणूस पहिल्यांदा घरात यायचा. त्याला काय चिखलात उभा करू?"

दुसऱ्या दिवशी पाहणीला आलेले साहेब तरुण होते, सभ्य होते. चहा प्यायले. पाया खचल्याचं मी परोपरीने सांगितलं. गाळाचे, भेगांचे फोटो आहेत का, त्यांनी विचारलं. नव्हते.

"मावशी, माझ्या खोलीपेक्षा तुमचं घर चांगलं आहे," ते म्हणाले.

चाचींचा चेहरा खुलला. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. मग साहेबांनी 'घर राहण्याजोगे' असं लिहिलं, आम्हाला वाचून दाखवलं आणि खाली चाचींचा अंगठा घेतला.

संध्याकाळी आपल्या ओटीवर बसून त्यांनी लेकीला फोन लावला. "त्याला सांग, पावसाळ्यापुरती येते. जास्त नाय राहायची."

फेरपाहणीसाठी मी अर्ज केला आहे. अजून कोणी आलेलं नाही. चाचींचा फोन येतो, तुमची चौकशी करतात. घराचं विचारत नाहीत.